आलेली मांजर आणि आणलेला घोयरा

आपल्या घरात मांजर कोणी आणली, असे विचारले तर बहुतेक घरांना उत्तर देता येत नाही. गाय बाजारातून आणलेली असते आणि तिची किंमत आजीच्या तोंडपाठ असते. कुत्रे कोणाच्या तरी शेतावरून मागून आणलेले असते. पोपट तर पिंजऱ्यासकट येतो. मांजर मात्र एके दिवशी चुलीपाशी बसलेली दिसते, आणि चार दिवसांनी तिला हुसकावणाराच परका ठरतो.

माझे आजोळ लातूरचे. तिथल्या गंजगोलाईची बाजारपेठ १९१७ साली आखली गेली आणि तिला सोळा रस्ते येऊन मिळतात, हे लातूरची पोरे पाढ्यांबरोबर शिकतात. त्यांतल्याच एका रस्त्याला आजोबांची आडत होती. तूर, ज्वारी, करडई यांची पोती छतापर्यंत रचलेली, आणि त्या पोत्यांच्या डोंगरावर कायम एक मांजर. एक गेली की दुसरी येई. आजोबांनी त्यांतल्या एकीलाही नाव ठेवले नाही. “ती दुकानाची आहे, आपण आज आहोत उद्या नाही,” असे ते म्हणत. पोत्याला भोक दिसले की ते हमालावर रागावत नसत. मांजरीची बशी भरलेली आहे की रिकामी, हे पाहत.

आजोबांचा हा हिशेब फार जुना निघाला. सायप्रस बेटावर शिल्लूरोकांबोस नावाच्या ठिकाणी फ्रेंच संशोधकांना सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक थडगे सापडले. त्यात माणसाच्या शेजारीच एक मांजर नीट पुरलेली होती. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. बेटावर मूळची मांजरे नव्हती, तेव्हा तिचे पूर्वज नावेत बसून गेले असणार हे उघड आहे. पण नावेत बसण्याआधीची हकीकत जाणकार सांगतात ती अशी: माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आली. तिला कोणी बोलावले नव्हते. तिला आपला उपयोग होता आणि आपल्याला तिचा. व्यवहार जमला.

घरात शिरलेल्या प्राण्यांचा इतिहास लिहायचा तर त्याचे असे दोन भाग पाडावे लागतील: आलेले आणि आणलेले. मला आज लिहायचे आहे ते दुसऱ्या भागातल्या एका बिचाऱ्याविषयी. तो कधी कोणाच्या घरी आपण होऊन आला नाही. त्याला धान्य नको, दूध नको, ऊब नको, गोंजारणे तर मुळीच नको. तरीही राजवाड्यापासून शाळामास्तरांच्या घरापर्यंत त्याला लोक उचलून आणत राहिले. हा प्राणी म्हणजे घोयरा.

प्रथम नावाचा घोटाळा मिटवू. आपल्याकडे दोन वेगळ्या जीवांना सरसकट सरडा म्हणतात. एक कुंपणावरचा, चपळ, खरबरीत. विणीच्या दिवसांत त्याची मान लालभडक होते. ती पाहून तो दुरून रक्त पितो अशी समजूत पसरली, आणि पोरांच्या दगडांना निमित्त मिळाले. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण त्याच्यावरून पडली. दुसरा घोयरा. हिंदीत आणि आमच्या नांदेडच्या दखनी बोलीत दोघांनाही गिरगिट म्हणून मोकळे होतात. घोयऱ्याला धाव नाहीच. बाभळीच्या फांदीवरून तो पाऊल टाकतो ते पुढे-मागे झुलत, वाऱ्याने पान हलावे तसे. त्याची बोटे दोन आणि तीन अशी चिकटलेली असून त्यांचा चिमटा होतो. शेपटी हे त्याचे पाचवे हात. डोळे शंकूसारखे पुढे आलेले, आणि एक डोळा पुढे पाहत असताना दुसरा खुशाल मागे पाहतो. जीभ अंगाच्या लांबीहूनही लांब. विष मात्र कुठेच नाही. लॉरेंटी नावाच्या व्हिएन्नाच्या पंडिताने १७६८ साली त्याला शास्त्रीय नाव दिले ते सिलोनवरून, कॅमेलिओ झेलॅनिकस. पण तो आपल्या कोरड्या दख्खनचाही तितकाच जुना रहिवासी आहे.

संस्कृतात सरट आणि कृकलास असे दोन शब्द आहेत. अमरकोशाने ते एकाच अर्थाचे मानले. आपला सरडा सरटावरून आला. कृकलासाची गोष्ट भागवताच्या दशम स्कंधात आहे, महाभारताच्या अनुशासनपर्वातही आहे. नृग राजाने अगणित गाई दान केल्या. एकदा दान दिलेली गाय चुकून परत त्याच्या कळपात मिसळली आणि ती त्याने दुसऱ्याच ब्राह्मणाला दिली. दोघे भांडत आले. राजाला निवाडा करता आला नाही, आणि त्या दोषापायी तो कृकलास होऊन कोरड्या विहिरीत पडला. या गोष्टीतला धर्मविचार कीर्तनकार सांगतील. मला तिच्यातली पोरे आवडतात. सांब, प्रद्युम्न वगैरे यादवांची मुले बागेत खेळून दमली, पाणी शोधत विहिरीपाशी गेली आणि आत डोकावली तर हा प्रचंड सरडा! लगेच दोर, वाद्या आणून त्याला वर ओढायची खटपट सुरू. तो निघेना तेव्हा धावत मोठ्यांकडे गेली. गेल्या काही हजार वर्षांत शाळकरी पोरे तिळमात्र बदललेली नाहीत, याला याहून मोठा पुरावा कोणता?

आपल्याकडे सरडा शाप होऊन आला, तर पश्चिमेकडे तो कोडे होऊन बसला. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात त्याचे वर्णन केले. कातडीने वेढलेला डोळा कसा चहूकडे फिरतो, रंग कसा पालटतो, कापून पाहिल्यावर आत काय दिसते, हे सारे त्याने मांडले, आणि ते आजही वाचण्यासारखे आहे. पुढे चारशे वर्षांनी रोमच्या प्लिनीने लिहिले की हा प्राणी खात नाही, पीत नाही, निव्वळ हवेवर जगतो. लोकांना ॲरिस्टॉटलपेक्षा प्लिनी अधिक आवडला. घोयरा तासन् तास जबडा किंचित उघडून बसलेला दिसतो, आणि जिभेचा फटकारा इतका झटपट असतो की नजर चुकली तर माशी कुठे गेली ते कळतच नाही. म्हणून ही समजूत दीड हजार वर्षे टिकली. शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या तोंडीही ती आली आहे. पुढे बसून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही, एवढेच तिचे मर्म.

बसून पाहणारा एक जण आपल्याकडे निघाला. जहांगीर बादशहाला प्राण्यांचे वेड होते. बाबराने आत्मचरित्रात प्राण्यांची वर्णने लिहिली खरी, पण चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढवली नाहीत. ती उणीव आपण भरून काढली, असे तो स्वतः लिहितो. १६१२ साली त्याचा मुकर्रब खान गोव्याहून नाना तऱ्हेचे परदेशी जीव घेऊन दरबारी आला. त्यांतल्या टर्की कोंबड्याचे चित्र उस्ताद मन्सूरने काढले. याच मन्सूरचे, सुमारे त्याच वर्षीचे मानले जाणारे घोयऱ्याचे एक चित्र आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. फांदीला घट्ट धरलेले चिमटे, वळलेली शेपटी, अंगावरचे दाणे, आणि तो शंकूसारखा डोळा. हा घोयरा बाजारातून आला की शाही बागेत सापडला, ते चित्र सांगत नाही. पण चित्रकार त्याच्यासमोर पुष्कळ वेळ हललेला नाही, एवढे ते सांगते.

इथे आम्हा मराठवाड्याच्या माणसांना एक गोष्ट आठवल्याखेरीज राहत नाही. त्याच वर्षांत मलिक अंबर खडकी वसवून जहांगीरच्या फौजांना दख्खनभर दमवीत होता. तो काही बादशहाच्या हाती लागला नाही. तेव्हा १६१६ च्या सुमारास जहांगीरने अबुल हसनकडून एक चित्र काढवून घेतले: भाल्यावर लटकणारे अंबरचे शिर आणि त्यावर नेम धरलेला बादशहा. अंबर पुढे १६२६ साली आपल्या मृत्यूने गेला. एकाच दरबारातली ही दोन चित्रे. घोयऱ्याला पाहिले तसा अंबरला पाहिला असता, तर कदाचित फौजा वाचल्या असत्या. असो.

पॅरिसमध्ये मामला वेगळा झाला. तिथे १६६९ साली क्लोद पेरो या वैद्याने घोयऱ्याच्या शरीररचनेवर निबंध प्रसिद्ध केला. हा सिंड्रेलाची गोष्ट लिहिणाऱ्या शार्ल पेरोचा भाऊ. त्याने जनावर फाडून आत पाहिले. तीन वर्षांनी, १६७२ साली, मादलेन द स्क्युदेरी या कादंबरीकर्तीला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून घोयरे भेट आले. ती तेव्हा पासष्टीची होती आणि तिच्या जाडजूड कादंबऱ्या युरोपभर वाचल्या जात. तिने ते फाडले नाहीत, घरात ठेवले. पाहिले ते ‘दोन घोयऱ्यांची हकीकत’ म्हणून १६८८ साली छापले. घरात घोयरा पाळल्याची, पाळणारीने स्वतः लिहिलेली इतकी जुनी हकीकत माझ्या वाचनात दुसरी नाही. मीही कादंबऱ्या लिहितो, म्हणून या बाईविषयी मला थोडा पक्षपात वाटतो हे मान्य. पण कापून पाहिलेला प्राणी आणि सोबत राहिलेला प्राणी यांत फरक असतो, हे तिने विद्वानांच्या भर गर्दीत सांगितले, आणि त्याला धैर्य लागते.

तिच्यानंतर या प्राण्याला बरे दिवस आले म्हणावे, तर तसेही नाही. १८९० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत एक टूम निघाली. घोयरा म्हणून एक छोटा हिरवा सरडा विकत घ्यायचा, त्याला बारीक साखळी बांधायची आणि दागिन्यासारखा झग्यावर टाचायचा. तो घोयरा नव्हताच, ॲनोल नावाचा निराळा सरडा होता. रंग बदलतो एवढ्या गुन्ह्यावर तो मेजवान्यांतून तडफडून मेला.

याच सुमाराला आपल्या मुंबईत जरा शहाणपणाचे काम चालले होते. १८८३ साली आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत दोघे आपले: प्रार्थनासमाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. साताऱ्यात जन्मलेला एटकिन साहेबही त्या आठांत होता; बंगल्यात शिरणाऱ्या पाली, बेडूक, मुंग्या यांच्यावर त्याने लिहिलेले मिस्किल पुस्तक त्याच वर्षी आले. सोसायटीला पहिली जागा मिळाली ती फिप्सन साहेबांच्या दारूच्या दुकानामागची. पुढे फिप्सनच्या कचेरीत पिंजऱ्यात एक धनेश पक्षी राहिला. विल्यम त्याचे नाव. १८९४ पासून १९२० पर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ, तो तिथे होता. आणलेला खरा, पण रमला. याच सोसायटीच्या नियतकालिकात १९१२ साली चेनेविक्स ट्रेंच याचे भारतीय घोयऱ्यावर टिपण आले. अशा टिपणांतून, एकेका माणसाच्या पाहण्यातून, हवेवर जगणारा प्राणी हळूहळू किडे खाणारा प्राणी झाला.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. पुस्तकांत न मिळालेला एक मुद्दा मला तिथे मिळाला.

नांदेडला माझ्या वर्गातला एक मुलगा पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी दारात उभा राहिला. आसना नदीच्या अलीकडे बांधावरची बाभूळ कोणी तोडली होती, आणि तिच्या पडलेल्या फांदीवर घोयरा. फांदीसकट त्याने तो सायकलवर आणला होता. अंधार पडत आलेला. तोडलेल्या झाडापाशी कुत्री फिरत होती. सकाळी शेजारच्या बाभळीवर सोडू, असे ठरवून आम्ही फांदी बादलीत उभी केली आणि बादली माजघराशेजारच्या खोलीत ठेवली.

आमचे घर म्हणजे एस.टी. स्टँड. आई, आम्ही दोघे, धाकटा भाऊ, त्याची बायको, चार मुले, शिकवणीची पोरे, आणि मनी. मनी अर्थातच आलेली.

वर्षानुवर्षे मुलांना मी सांगत आलो होतो की मांजर उडी मारील, पंजा मारील, आणि तिच्या दातांतून जखमेत जाणारे जंतू मोठ्या सरड्यालाही पुरे होतात. ते खरेच आहे. पण त्या संध्याकाळी मनीने काहीच केले नाही. खोलीचे दार लावलेले होते. ती खिडकीच्या जाळीबाहेर कट्ट्यावर बसली आणि पाहत राहिली.

“सर, ते मांजर कवाचं बघायलंय त्याच्याकडं,” तो मुलगा म्हणाला.

घोयऱ्याने एक डोळा तिच्यावर ठेवला. मग अगदी सावकाश तो फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकला, अंग चपटे केले आणि आपल्या व मनीच्या मध्ये फांदी घेतली. हा त्याचा एकुलता एक बचाव. त्याला पळता येत नाही, म्हणून तो झाडामागे जातो. बाभळीवर शिक्रा आला तरी तो हेच करणार. पण या पलीकडच्या बाजूला दार होते, आणि दाराच्या फटीत चार मुले एकमेकांच्या डोक्यावर डोके ठेवून उभी होती. त्याने दुसरा डोळा त्यांच्यावर लावला आणि परत इकडे सरकला. इकडे मनी. पुन्हा तिकडे. पाऊण तास हे चालले. त्याचा हिरवा रंग काळवंडला, अंग फुगले, तोंड उघडून तो फिस्कारला. भावाच्या मुलाने नाकतोडा आणून ठेवला, त्याच्याकडे त्याने पाहिलेही नाही. गजबजलेल्या घरात फांदीला मागची बाजूच उरत नाही, हे मला तेव्हा दिसले.

रंगाविषयी इथेच सांगून टाकतो. तो पार्श्वभूमी पाहून रंग घेतो, लाल कापडावर ठेवला की लाल होतो, ही प्लिनीच्या हवेच्याच जातीची समजूत. रंग बदलतो तो ऊन, थंडी, भीती, राग यांनी. २०१५ साली जिनिव्हाच्या संशोधकांनी मादागास्करच्या घोयऱ्यावर दाखवून दिले की त्याच्या कातडीतल्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक रचलेले असतात. तो शांत असताना ते दाटीने बसतात, खवळला की विरळ होतात, आणि तसतसा उजेड निराळा परततो. म्हणजे ज्याला आपण ढोंगीपणाची उपमा देतो, तो खरे पाहता मनातले लपवू न शकणारा प्राणी आहे. पुढाऱ्यांना सरडा म्हणण्याआधी याचा विचार व्हावा.

शेवटी आईनेच पोरांना दटावले. “लेकरांनो, बाळंतिणीच्या खोलीत तरी असं डोकावता का?” दार लागले, खिडकीवर चादर पडली. वाटीत ठेवलेले पाणी त्याने पाहिले नव्हते. साचलेले पाणी त्याला पाणी म्हणून कळत नाही. तो पानांवरचे दव पितो. माझ्या मुलीने ओल्या हाताने पाल्यावर थेंब शिंपडले आणि ती बाहेर आली. थोड्या वेळाने फटीतून पाहिले तर थेंब चाटणे चालले होते. रात्री बॅटरी मारली तेव्हा तो वाळल्या पानासारखा फिका पडला होता. मुलीला वाटले मेला. झोपेत हे असेच फिके पडतात. पहाटे मी आणि तो मुलगा आसनेकडे गेलो. बाभळीला फांदी टेकवली. घोयरा उन्हाकडे कूस करून बसला, ऊब घेण्यासाठी ती कूस काळीशार केली आणि मग पाल्यात गेला.

आता कायद्याने हा प्रश्नच राहिलेला नाही. घोयरा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे. हा कायदा १९७२ चा. आमच्याकडे १९७२ म्हटले की दुष्काळ आठवतो, खडी फोडणे आठवते, मिलोची भाकरी आठवते. त्याच वर्षी दिल्लीत सरड्यांचाही विचार झाला, हे सांगितले तर म्हातारी माणसे हसतात. आणि नेमक्या त्याच वर्षी सातासमुद्रापार, हवाईच्या ओआहू बेटावर, एका पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने केनियाहून तीन शिंगांचे घोयरे मागवले. प्रवासाने ते रोडावले होते, म्हणून सुधारतील या भल्या बुद्धीने त्याने ते आपल्या बागेत मोकळे सोडले. ते सुधारले आणि निघून गेले. आज तिथल्या रानात त्यांची वस्ती आहे, आणि तिथले दुर्मीळ किडे व गोगलगाई ते फस्त करतात म्हणून शास्त्रज्ञ चिंतेत आहेत. आणलेला पाहुणा घरमालक होऊन बसला.

आपल्या घोयऱ्याची तऱ्हा उलटी आहे. त्याला घरात कोणी ठेवू नये हे ठीक, पण बांधावरच्या बाभळी, बोरी जात आहेत, रस्ते रुंद होत आहेत. मादी अंडी घालायला झाडावरून उतरते, कारण ती जमिनीत पुरावी लागतात. तेव्हा तिला रस्ता ओलांडावा लागतो, त्याच झुलत्या चालीने. ट्रकवाल्याला ते वाळले पान वाटते.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. मध्यंतरी मालेगाव रस्त्यावर मला त्याची मोटारसायकल आडवी लावलेली दिसली, आणि त्याच्यामागे दोन टमटम, एक ट्रॅक्टर, हॉर्नचा कल्लोळ. तो मधोमध उकिडवा बसला होता. घोयऱ्याला हाताने उचलायचे नाही, ओढायचे तर नाहीच, फांदीला त्याची पकड सुटत नाही आणि बोटे मोडतात, हे त्याला माहीत होते. त्याने एक काठी तिच्या पुढ्यात धरली होती आणि ती आपण होऊन चढण्याची वाट पाहत होता. तिने एक पाय उचलला, झुलली, परत ठेवला. ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला, त्याच्या शेजारी बसला आणि म्हणाला, “चढंल का रं?”